तीन नावे आणि बावीस मिनिटे

मागे एकदा माझी मावसबहीण 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' हा, एका जहाजावरची माणसे कोण आणि त्यांचे काय झाले हे पुराव्यांवरून ठरवण्याचा, संगणकीय खेळ खेळत होती आणि मी तिच्या शेजारी बसून नुसती बघत होते. दोन माणसांची ओळख तिने अगदी पक्की पटवली होती. एकाची त्याच्या गणवेशावरून, दुसऱ्याची मागून कोणीतरी मारलेल्या हाकेवरून. तिसऱ्याचा मृत्यू कसा झाला हे तिला स्पष्ट दिसले होते, पण तो कोण हे काही केल्या ठरत नव्हते. मग तिने यादीतली खलाशांची नावे एकामागून एक त्याच्या चेहऱ्यापुढे लावायला सुरुवात केली. काही नावांनंतर संगीत उसळले, हाताने लिहिलेल्या तिन्ही नोंदी छापील अक्षरांत उमटल्या आणि ती आनंदाने पुढच्या प्रेताकडे वळली. खेळाने तिला मुभा दिली होती आणि तिने ती घेतली, यात वावगे काहीच नव्हते. तरीही त्या पानाने मला पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. तिथे तीन नावे सारख्याच ठशात छापलेली होती. त्यांतली दोन ओळखलेली होती, एक नुसते लागलेले होते, आणि कागदावर त्या दोहोंत काही फरक उरलेला नव्हता.

ज्या खेळात कळणे हीच एकमेव कमाई आहे, तिथे कळले आहे हे कोणी ठरवायचे?

हा प्रश्न मनात घोळू लागला तसा तो आपोआप दुसऱ्या एका खेळाकडे सरकला. 'आउटर वाइल्ड्स' आणि 'ओब्रा दिन' यांची नावे एका दमात घेतली जातात, आणि त्याला कारण आहे. दोन्ही खेळांत तलवार धारदार होत नाही, पात्राची ताकद वाढत नाही, पैसे साठत नाहीत. पहिल्या तासातले पात्र आणि शेवटच्या तासातले पात्र यांच्यात फरक असतो तो फक्त पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात. 'ओब्रा दिन' 2018 च्या ऑक्टोबरात आला, 'आउटर वाइल्ड्स' 2019 च्या मे महिन्यात. स्वतंत्र खेळांच्या महोत्सवातले सर्वोच्च पारितोषिक दोघांनाही मिळाले, पण उलट्या क्रमाने: 'आउटर वाइल्ड्स'ला पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी, 2015 मध्ये, आणि 'ओब्रा दिन'ला 2019 मध्ये. 'ओब्रा दिन' लुकास पोप या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून उभा केला. 'आउटर वाइल्ड्स' ॲलेक्स बीचम यांच्या विद्यापीठातल्या प्रबंधातून उगवला आणि मोबियस डिजिटल या छोट्या चमूने तो वाढवला. या दोन्ही खेळांबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण ज्याने ते खेळलेले नाहीत त्याचे अज्ञान हीच त्याची पुंजी असते. त्यामुळे कुलपांबद्दल मी लिहीन. किल्ल्यांबद्दल लिहिणार नाही.

'ओब्रा दिन'मध्ये शिरताना आधी डोळ्यांना सवय करून घ्यावी लागते. 1802 मध्ये लंडनहून निघालेले आणि बेपत्ता झालेले व्यापारी जहाज 1807 मध्ये फाटक्या शिडांनिशी, एकाही जिवंत माणसाविना बंदराला लागते, आणि आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक म्हणून त्यावर पाऊल ठेवतो. सगळे जग दोनच रंगांत आहे. करडा म्हणून जो वाटतो तोही काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा दाटपणा किंवा विरळपणा असतो. जुन्या मॅकिंटॉश संगणकांची आठवण करून देणारी ही शैली लहानशा चौकटीत गोड दिसते, पण तीच मोठ्या पडद्यावर, पात्राच्याच डोळ्यांतून पाहिल्यासारखी फिरवली की ठिपके वळवळू लागतात आणि डोके दुखते. पोप यांनी त्यावर पुष्कळ काम केले आणि ठिपक्यांची नक्षी जणू पाहणाऱ्याभोवतीच्या एका गोलाच्या आतल्या बाजूला बसवली, म्हणजे मान वळवली की नक्षीही प्रतिमेबरोबर वळते. खेळताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते ते एवढेच, की दोरखंडांची जाळी, लाकडाच्या फळ्या, पावसाच्या रेघा, उडालेल्या चिरफळ्या हे सगळे एखाद्या जुन्या कोरीव चित्रासारखे स्थिर आहे आणि त्याच्याभोवती आपण चालू शकतो.

आणि त्याआधी येतो आवाज. प्रेताशेजारी उभे राहून खिशातले घड्याळ उघडले की पडदा काळा होतो आणि त्या माणसाच्या आयुष्याचे शेवटचे काही क्षण फक्त ऐकू येतात: पावलांची धावपळ, तुटक बोलणे, दारावरची थाप, मग धडाका. दृश्य नंतर उलगडते आणि तेही गोठलेले. प्रथम कानांनी जे घडले असे वाटले ते डोळ्यांना वेगळेच निघते, आणि हा छोटासा धक्का प्रत्येक आठवणीच्या दारात पुन्हा बसतो. मला या खेळाचे सर्वांत मोठे बळ यातच वाटते. तो काळ थांबवतो आणि हव्या तेवढ्या वेळ पाहू देतो. एक माणूस मरत असतो, पण त्याच्या मागे, सहा पावलांवर, दुसरा कोणी शिडी चढत असतो, तिसरा ताटे उचलत असतो, चौथा भीतीने भिंतीला टेकलेला असतो. त्या तिघांची नावे याच दृश्यात कुठेतरी दडलेली असू शकतात. झोळीवरचा आकडा, हातातले अवजार, कोण कोणाच्या टेबलाशी जेवायला बसतो, कोणाच्या तोंडी कोणती बोली आहे, अशा बारीकसारीक गोष्टींतून साठ माणसे हळूहळू एकमेकांपासून सुटी होत जातात. आधी ते सारे दाढीवाले, टोपीवाले, एकसारखे खलाशी असतात. काही तासांनी गर्दीतही चेहरा ओळखू येतो आणि छातीत काहीतरी हलते, कारण या माणसाचे पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असते आणि इथे तो अजून हसत उभा असतो.

आता पुन्हा त्या तीन नावांकडे. तीन नोंदी एकदम बरोबर आल्या की खेळ त्या पक्क्या करतो, त्याआधी काही बोलत नाही. या नियमामागचा विचार पटण्यासारखा आहे. प्रत्येक नोंदीला लगेच होकार किंवा नकार मिळाला असता तर सगळा खेळ नावे फिरवण्याचा झाला असता, आणि साठही पूर्ण होईपर्यंत मौन पाळले असते तर मध्येच धीर सुटला असता. तीन हा आकडा या दोहोंमधली तडजोड आहे, आणि पहिल्या तीसेक माणसांपर्यंत ती उत्तम चालते. नंतर मात्र उरतात ते साधे खलाशी आणि डोलकाठीवर चढणारे गडी, ज्यांची नावे कोणी मोठ्याने घेत नाही, ज्यांना अंगावर काही खास खूण नाही. त्यांच्याबाबत दोन नोंदी पक्क्या ठेवून तिसरी फिरवत राहणे हा सोपा रस्ता ठरतो आणि खेळ तो अडवत नाही. याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट मला खटकते. यादीत नावापुढे देश लिहिलेला आहे, आणि पुरावा विरळ झाला की खेळाडू चेहऱ्याचा रंग आणि पेहराव पाहून देश ठरवू लागतो, मग देशावरून नाव. त्या काळच्या कंपनीचा कारकून असेच पाहत असणार, हे खरे. पण ज्या खेळाने मला एकेका माणसाला नीट पाहायला शिकवले, तोच मला शेवटी काही माणसांकडे ठोकळ्यासारखे पाहायला लावतो, हे मनाला लागते. याउलट त्याच गटातल्या काहींसाठी पोप यांनी इतके बारीक पुरावे ठेवले आहेत की ते सापडल्यावर बोट दाखवायला शेजारी कोणीतरी हवे असे वाटते. म्हणजे पुरावा बहुतेक ठिकाणी आहे. तो शोधण्याची निकड मात्र खेळ शेवटपर्यंत टिकवत नाही.

इतर उणिवा किरकोळ आहेत, तरी त्या जाचतात. जुनी आठवण पुन्हा पाहायची तर नोंदींच्या पुस्तकातून थेट तिथे जाता येत नाही. त्या प्रेतापर्यंत पायऱ्या उतरून, दालने ओलांडून चालत जावे लागते. पहिल्यांदा आठवण पाहताना ठरावीक वेळ तिथे थांबणे भाग असते. संगीत स्वतः पोप यांनीच रचलेले आहे आणि ते ठाशीव आहे, पण दृश्य पाहून झाल्यावर ते संपण्याची वाट पाहत उभे राहण्यात नुसती चुळबुळ उरते.

'आउटर वाइल्ड्स'मध्ये कोणी वाट पाहत नाही.

तिथे शेकोटीजवळ जाग येते, डोळे थेट आकाशाकडे उघडतात, वर एक मोठा हिरवा ग्रह असतो आणि त्याच्याजवळ काहीतरी फुटून दूर फेकले जाते. लाकडाच्या फळ्या आणि पत्रे जोडून केलेल्या यानात बसून आपण निघतो, आणि बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळे संपते, पुन्हा शेकोटीजवळ जाग येते. हे चक्र आज सर्वांना माहीत आहे. प्रत्यक्ष खेळताना जे मनावर ठसते ते निराळेच असते: या बावीस मिनिटांत सूर्यमाला आपल्या मार्गाने चालत राहते, आपण तिथे असू किंवा नसू. 'अवरग्लास ट्विन्स' या जोडग्रहांपैकी एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतत राहते, त्यामुळे एकीकडच्या गुहा बुजत जातात आणि दुसरीकडे गाडलेले मनोरे उघडे पडतात. 'ब्रिटल हॉलो'चे कवच तुकड्या-तुकड्याने आपल्याच पोटातल्या कृष्णविवरात कोसळते. 'जायंट्स डीप'वरची वादळे अख्खी बेटे उचलून आकाशापलीकडे भिरकावतात. हे ग्रह चित्रासारखे मागे लावलेले नाहीत. ते गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने खरोखर फिरतात. त्यासाठी निर्मात्यांनी खेळाडूलाच विश्वाच्या केंद्रस्थानी ठेवले आणि बाकी सगळे त्याच्याभोवती हलवले, कारण इतक्या अंतरांवर संगणकाची आकडेमोड केंद्रापासून दूर गेली की डळमळू लागते. ज्या खेळात आपण किती क्षुद्र आहोत हे पदोपदी जाणवते, त्याच्या पोटात असा हिशेब असावा, याचे मला अजून नवल वाटते.

आवाजाच्या बाबतीत हे दोन खेळ एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. इथे हातात एक दुर्बिणीसारखे यंत्र असते, पण ते पाहण्यापेक्षा ऐकण्यासाठी अधिक. ते अंधारात फिरवले की दूरच्या ग्रहांवर एकेकटे बसलेले प्रवासी ऐकू येतात: कुठे बँजो, कुठे बासरी, कुठे ढोल, कुठे हार्मोनिका. सगळे एकच धून वाजवत असतात आणि योग्य जागेवरून पाहिले की ते सूर एकमेकांत मिसळतात. अँड्र्यू प्राहलो यांचे संगीत एरवी संयमाने वागते, पण शेवटचे मिनिट-दीड मिनिट उरले की एक विशिष्ट सुरावट सुरू होते, आणि हातातले काम अर्धवट टाकून सूर्याकडे तोंड करून उभे राहावे असे वाटू लागते. 'ओब्रा दिन'मध्ये आवाज हा पुरावा आहे. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये तो सोबत आहे, आणि क्वचित पुरावाही.

आता मूळ प्रश्न. इथे कळले आहे की नाही हे कोणी तपासत नाही. नोमाई नावाच्या लुप्त झालेल्या लोकांनी भिंतींवर वेटोळ्यांच्या ओळींत आपापसातली बोलणी लिहून ठेवली आहेत. त्यांत शंका आहेत, फुशारकी आहे, प्रेम आहे, आणि त्यातच विश्वाचे नियमही आहेत. एखादी जागा पहिल्या मिनिटापासून डोळ्यांसमोर असते, तिच्यावरून आपण अनेकदा उडत गेलेलो असतो, आणि एका संध्याकाळी कुठल्यातरी दुसऱ्याच ग्रहावरचे वाक्य वाचून अंगावर काटा येतो, कारण तिथे कसे शिरायचे हे एकदम उमगते. मग तिथे जायचे आणि शिरायचे. शाबासकी नाही, छापील नोंद नाही. उमगले असेल तर वाट मिळते, नसेल तर नाही. उड्डाणाचे संकेतांक एकदा मिळाले की, जाणत्या माणसाला हा खेळ त्याच चक्रात संपवता येईल अशी त्याची रचना आहे. नावे फिरवून पाहण्यासारखा आडमार्ग इथे जवळजवळ नाही, कारण शक्यता साठ नसतात, अगणित असतात.

पण या मोकळेपणाची किंमत मोठी आहे आणि ती खेळाडूनेच मोजायची असते. सगळीकडे कधीही जाता येते, म्हणून एखादा माणूस योगायोगाने अशा भिंतीपुढे उतरतो जिथले वाक्य त्याने सर्वांत शेवटी वाचायला हवे होते. त्याला उत्तर मिळते, पण प्रश्न अजून पडलेलाच नसतो, आणि तो थरार कायमचा हुकतो. खेळाला हे कळायला मार्ग नाही, सावरायलाही नाही. वाळूची तक्रार तर बहुतेकांची असते: एखाद्या गुहेत शिरण्याची वेळ ठरलेली, तिथवरचा प्रवास तोच, यान उतरवताना थोडा तोल गेला तर पायांखालची मिनिटे सरून जातात आणि पुन्हा शेकोटी. पहिल्यांदा त्या प्रवासात विस्मय असतो. तेच पुन्हा पुन्हा करताना नुसते हात चालत राहतात. शेकोटीजवळ डुलकी घेऊन वेळ पुढे ढकलता येतो, पण मागे आणता येत नाही. आणि 'डार्क ब्रॅम्बल'मधले धुके आणि तिथले राक्षसी मासे यांबद्दल मी एवढेच म्हणेन, की ज्यांना भय सोसत नाही अशी माणसे तिथे थबकतात आणि एका नितांत कोमल खेळाचा शेवट न पाहता परततात. 2021 च्या विस्तारात निर्मात्यांनी भीती सौम्य करण्याची सोय दिली, ती मूळ खेळातही असायला हवी होती.

यानातली टिपणवही हाही थोडा पेचाचा भाग आहे. जे वाचले ते तिथे जोडलेल्या चौकटींत आपोआप मांडले जाते, आणि एखाद्या ठिकाणी पाहायचे राहिले असेल तर वही तसे सांगते. म्हणजे इथेही एक निरीक्षक बसलेला आहेच, फक्त त्याचा आवाज हलका आहे. त्या सूचनेशिवाय मी काही जागांवर परत गेले नसते, हे मला मान्य आहे. पण सूचना दिसली की शोधाची जागा यादी पुरी करण्याची घाई घेते, हेही मी अनुभवले आहे. 'ओब्रा दिन'चे पुस्तक निदान उघडपणे दफ्तर आहे. आपण कंपनीचे नोकर आहोत, साठ माणसांचे काय झाले याचा हिशेब लावणे हे आपले काम आहे, आणि शेवटी त्या हिशेबावरून कोणाच्या वारसांना काय मिळायचे आणि कोणाला दंड व्हायचा हे ठरते. ज्यांचे शेवटचे श्वास ऐकले त्यांचे रकमांत रूपांतर होताना पाहून जी अस्वस्थता येते ती खेळाला अभिप्रेतच आहे. त्यामुळे अंदाजाने लागलेले ते तिसरे नावही मला आता वेगळे दिसते. कंपनीच्या दफ्तरात अशी कितीतरी नावे लागली असतील, आणि त्यावर कोणाचे तरी निवृत्तिवेतन ठरले असेल. हा अर्थ पोप यांनी मुद्दाम ठेवला असेल असे मी म्हणणार नाही. खेळाच्या उणिवेतून तो मला मिळाला.

बांधणी पाहिली तर 'ओब्रा दिन' अधिक नेटका आहे, त्यात शंका नाही. एका माणसाच्या हातचे काम असल्यामुळे त्यात परके असे काही नाही. आवाज, ठिपके, पुस्तकाची पाने उलटण्याची लय, सगळे एका मनातून आलेले आहे. 'आउटर वाइल्ड्स'च्या कडा खडबडीत आहेत, त्याचे यान हट्टी आहे, आणि त्याच्याइतके मला दुसऱ्या कोणत्याही खेळाने हलवलेले नाही. कारण बहुधा हे असावे, की 'ओब्रा दिन'मधली माणसे मला मरतानाच भेटतात. त्यांच्यात कितीही जीव गुंतला तरी ओळख त्या एका क्षणाभोवतीच राहते. नोमाई मात्र मला काम करताना भेटतात, चुकीचा अंदाज बांधताना, एकमेकांची थट्टा करताना, आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी काहीतरी मांडून ठेवताना. त्यांचा अंत खूप उशिरा कळतो, तोवर ते शेजारी झालेले असतात.

दोन्ही खेळ एकदाच खेळता येतात असे म्हणतात, ते मात्र मला सरसकट पटत नाही. 'ओब्रा दिन'मधले ज्ञान सुट्या तपशिलांचे आहे, आणि तपशील विसरता येतात. काही वर्षे मध्ये गेल्यावर मी ते पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा मोठ्या घटना आठवत होत्या, पण कोणत्या झोळीत कोण झोपत होता हे साफ पुसले गेले होते, आणि पुष्कळसा शोध मला पुन्हा करता आला. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये कळलेल्या गोष्टी मूठभर आहेत आणि त्या नियमांच्या स्वरूपात आहेत. एकदा उमगलेला नियम परत न उमगल्यासारखा करता येत नाही. तिथे परत गेले की प्रत्येक दार उघडेच असते. म्हणून दोन्हींपैकी आधी कोणता खेळावा असे कोणी विचारले तर मी 'ओब्रा दिन' सांगते. काळ थांबलेला असताना नीट पाहायची सवय तिथे लागते, चुकले तर तो पुढेमागे पुन्हा हाती घेता येतो, आणि त्या सवयीची खरी गरज पडते ती जिथे काळ थांबत नाही आणि दुसरी संधी मिळत नाही, त्या दुसऱ्या खेळात.